मातीचं माळवद वाचवायचं कसं: दिरियाच्या तुरैफमध्ये बघितलेलं, अथणीकडं करून पाहिलेलं

आधी कुणासाठी लिहितोय ते सांगतो. अथणी, रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी, इकडं संकेश्वर-निपाणीपर्यंत ज्यांच्या गावाकडं अजून भेंड्याच्या म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या भिंतींचं घर उभं आहे, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत आहे, आणि दर पावसाळ्यात घरात तोच विषय निघतो की पाडूया का ठेवूया, त्यांच्यासाठी आहे हे. मी सिव्हिलवाला, बेळगावात डिप्लोमा केला, नऊ वर्षं रियाधला साइट सुपरवायझर होतो, सगळी सिमेंट-सळईची कामं. आज्जीच्या मातीच्या घरात वाढलो पण माती म्हणजे काय चीज आहे ते मला रियाधजवळच्या तुरैफमध्ये कळलं, आणि परत आल्यावर मामाच्या घरावर ते करून बघितलं, त्यात काय जमलं आणि काय चुकलं ते सगळं खाली लिहितोय.

तुरैफ कुठं आहे? रियाधच्या वायव्येला दिरिया म्हणून गाव आहे, वादी हनिफा नावाच्या ओढ्याच्या काठावर. वादी म्हणजे आपल्याकडच्या कोरड्या ओढ्यासारखीच, पाऊस पडला की वाहते, एरवी काठानं खजुरीच्या बागा. १४४६ मध्ये मानी अल-मुरैदी नावाचा माणूस पूर्वेकडून, कतीफच्या बाजूनं आपलं कुटुंब घेऊन इथं आला आणि वस्ती केली. पुढं १७२७ मध्ये मुहम्मद बिन सौद तिथला प्रमुख झाला, तिथून पहिलं सौदी राज्य धरतात, आणि दिरिया त्याची राजधानी. ओढ्याच्या एका अंगाला उंचवट्यावर तुरैफ, म्हणजे राजघराण्याचा वाडा, मशीद, खजिना, पाहुण्यांचं घर, हमामखाना असा सगळा राजधानीचा भाग, आणि पलीकडच्या अंगाला बुजैरी. तीन पिढ्यांत हे राज्य एवढं वाढलं की मक्का-मदिना त्यांच्या हातात आली, आणि तिथंच तुर्की सुलतानाला ते खुपलं. सुलतानाच्या सांगण्यावरून इजिप्तच्या मुहम्मद अलीनं फौजा पाठवल्या, शेवटी त्याचा मुलगा इब्राहिम पाशा तोफा घेऊन दिरियावर आला आणि १८१८ मध्ये साधारण सहा महिने वेढा घालून बसला.

हे साल वाचलं तेव्हा मी तिथंच थांबलो होतो. १८१८ म्हणजे आपल्या पेशवाईचा शेवट, आणि एप्रिल १८१८ मध्येच इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं बेळगावचा किल्ला वेढा घालून घेतला. इकडं आपल्या किल्ल्यावर तोफा चालल्या, तिकडं त्याच उन्हाळ्यात मातीच्या तटावर. फरक एवढा की आपला किल्ला इंग्रजांनी वापरला म्हणून टिकला. दिरियाचा इमाम, म्हणजे तिथला राज्यकर्ता, अब्दुल्ला बिन सौद सप्टेंबरमध्ये शरण आला, त्याला इस्तंबूलला नेऊन मारलं, आणि मग गाव ठरवून पाडलं, घरं पाडली, खजुरीची झाडंसुद्धा तोडली, म्हणजे परत कुणी राहायला येऊच नये. १८२४ मध्ये (आपल्याकडं कित्तूरचा लढा झाला त्याच वर्षी) त्याच सौद घराण्यातल्या तुर्की बिन अब्दुल्लानं राज्य परत उभं केलं पण राजधानी केली रियाधला. तुरैफ तसंच पडून राहिलं. नंतर काही कुटुंबं परत येऊन त्याच पडक्या भिंतींच्या आधारानं मातीचीच घरं बांधून राहिली, पुढं तीही हलली.

आता सिव्हिलवाल्याच्या नजरेनं बघा, पाडलेल्या मातीच्या भिंती दीडशे-दोनशे वर्षं कशा उभ्या राहिल्या? एक कारण म्हणजे रियाधला वर्षाचा पाऊसच साधारण १०० मिलिमीटर. दुसरं म्हणजे राजधानी हलल्यामुळं तिथं कुणी जुनं पाडून नवं बांधलं नाही. तुरैफ साधारण ७० एकराचं आहे, २०१० मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, मधली कितीतरी वर्षं दुरुस्ती चालली आणि २०२२ च्या अखेरीस लोकांना आत जायला खुलं झालं. मी गेलो ते त्यानंतरच, रूममधल्या तिघांबरोबर, शुक्रवारची संध्याकाळ होती. उतरत्या उन्हात त्या भिंतींचा रंग बघितला आणि मला एकदम मामाच्या घराची मागची भिंत आठवली. अगदी तसाच. भिंतीत भुसकट चमकत होतं, एका ठिकाणी गिलाव्यावर बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते, म्हणजे कुणीतरी हातानं लिंपलेलं. (हात मात्र लावू नका तिथं, ती भिंत रोज हजार हातांसाठी नाही.)

मग मी बारकाईनं बघायला लागलो आणि लक्षात आलं, हे आपलंच घर आहे की. ते म्हणतात लिब्न, आपण म्हणतो भेंडा, उन्हात वाळवलेली कच्ची वीट. ते मातीत घालतात तिब्न, आपण घालतो भुसकट. त्यांच्या छताला अथल नावाच्या झाडाच्या तुळया, त्यावर खजुरीच्या झावळ्या, त्यावर मातीचा थर. आपल्याकडं बाभळीच्या नाहीतर सागाच्या तुळया, वर फळ्या किंवा कळकाच्या कामट्या, पालापाचोळा आणि वर पांढरी माती. त्यांच्या भिंतीचा पाया चुनखडीच्या दगडाचा, आपलं जोतं काळ्या दगडाचं. भिंतीत उंचावर छोट्या छोट्या त्रिकोणी खिडक्या, वारा आत, ऊन बाहेर. आपल्याकडं माळवदातलं सवणं (उजेड-वाऱ्यासाठी छतात ठेवलेलं भोक) आणि भिंतीतले झरोके तेच काम करतात. खांब तेवढे वेगळे, दगडाच्या गोल चकत्या एकावर एक ठेवून वरून जिप्समचा गिलावा.

दुरुस्ती त्यांनी दोन तऱ्हेनं केलीय आणि आपल्याला यातलंच शिकायचंय. साद बिन सौदचा वाडा बऱ्यापैकी पूर्ण उभा केलाय, चौक, खोल्या सगळं. पण सलवा राजवाडा, जो सगळ्यात मोठा, १०,००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, तो पडका आहे तसाच ठेवलाय. भिंती जिथपर्यंत उभ्या आहेत तिथपर्यंतच मजबूत केल्यात आणि लोकांना चालायला वेगळा मार्ग केलाय. पैसे नव्हते म्हणून नाही, पडलेलं पडलेलं दिसावं म्हणून. १८१८ ला काय झालं ते त्या भिंतीच सांगतात. मला हे मनापासून पटलं आणि मामाच्या घराला हेच करायचं ठरवलं, जे उभं आहे ते नीट करायचं, जे पडलंय त्याची खोटी नक्कल उभी करायची नाही.

एक आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी चिडायला नको. कृष्णेच्या किंवा घटप्रभेच्या काठावर ज्यांच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं, त्यांनी राहत्या घराला हे करू नये. पुराच्या पाण्यात कच्चा भेंडा विरघळतो, त्याला उपाय नाही, तिथं जीव महत्त्वाचा. आणि खानापूर-बेळगुंदीकडच्या लोकांनी यातलं भिंतीचं घ्यावं, छताचं नाही, तुमच्या पावसाला कौलच पाहिजे आणि वळचण चांगली दोन-अडीच फूट बाहेर.

आता कामाचं.

पहिला पावसाळा काहीच करू नका, नुसतं बघा. मी परत आलो ते मे महिन्यात, उत्साह भरपूर, लगेच माती आणायला निघालो होतो. गावात एक वयस्कर मेस्त्री आहेत, कानडी बोलणारे, हयातभर मातीची घरं बांधलेली. ते आले, घराला एक फेरी मारली, भिंतीकडं बघितलंच नाही, खालची जमीन बघत फिरले आणि म्हणाले, "मोदल नीर नोड्री." आधी पाणी बघा. मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मी छत्री घेऊन घराभोवती फिरलो आणि मोबाइलमध्ये फोटो काढत गेलो. पन्हळीतलं पाणी भिंतीपासून किती लांब पडतं, पडलेल्या पाण्याचा शिंतोडा भिंतीवर किती उंच उडतो, अंगणाचा उतार घराकडं आहे का बाहेर, शेजाऱ्याच्या स्लॅबचं पाणी आपल्या भिंतीवर येतंय का, आत ओल कुठून कुठपर्यंत चढते. ओलीची रेघ दिसते तिथं खडूनं खूण करा आणि तारीख लिहा, महिन्यानं परत बघा. भेगेवर कागदाची पट्टी खळीनं आडवी चिकटवा, तिच्यावरही तारीख. दोन-तीन महिन्यांत पट्टी फाटली तर भेग अजून हलतेय, म्हणजे पाया बसतोय किंवा तुळई ढकलतेय, तिथं स्वतः हात घालू नका, जाणकार इंजिनियरला दाखवा. पट्टी शाबूत राहिली तर जुनी भेग आहे, ती भरता येते.

तुरैफच्या भिंतींवरसुद्धा लाकडी पन्हळी लांब बाहेर काढलेल्या दिसतात. १०० मिलिमीटर पावसाला जर ते एवढी काळजी घेतात तर आपण किती घ्यायला पाहिजे बघा. मामाच्या घराची एक पन्हळ मोडलेली होती, कुणीतरी तिथं पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा खुपसून ठेवलेला आणि त्याचं पाणी सरळ भिंतीवरून ओघळून खाली जोत्याशी एवढा मोठा खड्डा. घराची निम्मी दुखणी त्या वीतभर तुकड्यानं आलेली. पन्हळ दोन फूट तरी बाहेर काढा, खाली पाणी पडतं तिथं फरशीचा दगड टाका आणि तिथून चर काढून पाणी लांब न्या. अंगण खरवडून उतार बाहेर करा. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, दोन दिवसांचं काम आहे, आणि नुसतं एवढं करूनसुद्धा घर दहा वर्षं पुढं जातं. (दिरियावाल्यांनी तर अख्खी वादी हनिफा साफ केली, रियाध शहराचं घाण पाणी आणि कचऱ्यानं तिचं वाटोळं झालेलं, त्या कामाला २०१० मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याची आठवण झाली मला, शहापूर-वडगावचे भातवाले शेतकरी समजतील.)

दुसरं, सिमेंट काढा. हे सगळ्यात अवघड कारण घरातल्यांना पटत नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका कॉन्ट्रॅक्टरनं मामाला सांगितलं की खालचं तीन फूट सिमेंटचा गिलावा करून टाकू, ओल येणार नाही, आणि मामानं विश्वासानं केलं. झालं काय, जमिनीतली ओल भिंतीत चढतच राहिली, पण आधी ती मातीतून बाहेर वाळायची, आता सिमेंटनं वाट बंद. मग ती सिमेंटच्या वरून बाहेर पडायला लागली, छातीच्या उंचीला लोणा फुटला, पांढरं मीठ, आणि सिमेंटच्या मागं भेंडा भुसभुशीत. गिलावा ठोकला तर ढब् ढब् वाजायचा. काढला तेव्हा मागून ओली माती हातात आली, ओंजळीत धरून दाबली तर चिखलाचा गोळा झाला, आणि ही पंधरा इंची भिंत वरचं माळवद तोलत होती. मामी बघून म्हणाल्या, "आणि आम्ही हिच्याखाली झोपालोय की रे." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

काढायची पद्धत: ब्रेकर, घण काही नको. छोटी छन्नी आणि हातोडी, गिलाव्याच्या कडेनं शिरून पापुद्रा उचलायचा, एकदम मोठा भाग नाही. सुरू करायच्या आधी वरच्या तुळईला खालून टेकू द्या, लाकडाचे बल्ले नाहीतर स्लॅबला वापरतात ते लोखंडी जॅक भाड्यानं मिळतात, खाली फळी घाला म्हणजे रुतणार नाहीत. काढून झालं की भिंत तशीच उघडी ठेवायची, तीन-चार महिने वाळू द्यायची. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा आणि ती माती गोळा करून घरापासून लांब टाका. पाण्यानं धुवू नका, मीठ परत आत जातं. घराभोवती पट्टा मारलेलं काँक्रीट असेल तर तेही भिंतीपासून दीड फूट तरी तोडा, त्याच्याखालची ओल नाहीतर भिंतीतच शिरणार.

तिसरं माती. सगळ्यात चांगली माती म्हणजे त्याच घराची पडलेली माती. पडलेल्या खोलीचा ढिगारा लोक ट्रॅक्टर लावून बाहेर टाकतात, कृपा करून टाकू नका, तेच तुमचं सामान आहे. जुन्या भिंतीशी नवी माती एकजीव व्हायची तर दोन्ही एकसारखी फुगली-आकसली पाहिजे, आणि आपल्याच मातीसारखं आपल्याला काय जुळणार. फक्त तळाचा खारट दोन फूट भाग घेऊ नका. माती कमी पडली तर गावच्या पांढरीची, म्हणजे गावठाणातली पांढरी माती घ्या. काळी रानातली माती एकटी वापरू नका, ती पाण्यानं फुगते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा.

तपासायचं कसं? काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि दिवसभर ठेवा. खाली वाळू बसते, मध्ये बारीक पोयटा, वर चिकण. चिकण पाचवा हिस्सा ते पाव हिस्सा, म्हणजे २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असली की उत्तम. दुसरी तपासणी त्याहून सोपी, मामींनी न सांगता करून दाखवली. ओलसर मातीचा लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा करून छातीच्या उंचीवरून टाका. भुगा झाला तर वाळू जास्त, चपटा होऊन चिकटून बसला तर चिकण किंवा पाणी जास्त, तीन-चार तुकडे झाले की जमलं. सारवणाची माती आयुष्यभर कालवलेल्या बाईला जे हाताला कळतं ते आम्हाला लॅबमध्ये शिकवलं नाही, म्हणून गावातल्या म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा, मेस्त्री नंतर.

कालवणं: माती चाळून खड्ड्यात घ्या, पाणी सोडा, भुसकट घाला. विटांसाठी बोटभर लांबीचं काड चालतं, गिलाव्याला बारीक. आठ-दहा दिवस कुजू द्या, रोज पायानं तुडवा, कोरडं व्हायला लागलं की पाणी मारा. चार दिवसांनी वास यायला लागतो, गोठ्यासारखा, तो यायलाच पाहिजे, काड कुजून माती चिकट होते. आमच्या पोरांना तुडवायला लावलं, सुट्टी होती, पोरांना काय, चिखलात नाचायला पाहिजेच होतं.

विटा जुन्या मापाच्याच पाडा. मामाच्या भिंतीतला एक अख्खा भेंडा काढून त्याच्या मापाचा लाकडी साचा सुतारानं करून दिला. साचा पाण्यात बुडवून काढायचा, राख शिंपडलेल्या जमिनीवर थापायचा. दोन-तीन दिवस आडव्या, मग उभ्या करायच्या, सगळ्या मिळून तीन-चार आठवडे वाळवायच्या. कडक उन्हात पहिल्या दिवशी वरून पोत्याची सावली करा, आमच्या पहिल्या ८० विटांतल्या ३० चिरल्या कारण मी एप्रिलच्या उन्हात उघड्या टाकल्या. वेळ कोणती चांगली विचाराल तर दिवाळी झाल्यावर ते शिमग्यापर्यंत.

भिंत भरताना, म्हणजे खालचा कुजलेला भाग काढून नवे भेंडे घालताना, एका वेळी दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त उघडू नका. एक भाग उघडा, भरा, मग मधला सोडून पुढचा, आणि हे वाळल्यावर मधले. सगळी भिंत एकदम खालून कोरली तर ती बसणारच. जुना भाग चौकोनी कोरून घ्या म्हणजे नवी वीट खाचेत बसेल, पाण्याचा हलका शिपका मारा, मातीचाच गारा. सगळ्यात वरच्या थराला जुनी भिंत आणि नवी वीट यात फट राहते, ती घट्ट गाऱ्यानं आणि दगडाच्या चिपांनी ठासून भरायची, तिथं आळस केला तर भार खाली उतरतच नाही. जुन्या भेगांना नुसता चिखल भरून काही होत नाही, दर दोन-अडीच फुटांवर भेगेच्या आडवी खाच घेऊन त्यात पूर्ण वीट बसवायची, म्हणजे फाटलेल्या कापडाला टाके घालतो तसं. सोप्याच्या १२ फूट भिंतीला आमचे दोन गडी आणि मेस्त्री मिळून १९ दिवस लागले, मधले वाळायचे दिवस सोडून.

आता माळवद, आणि इथं जीवाची गोष्ट आहे म्हणून नीट वाचा. गळतंय म्हणून आपण दरवर्षी वर माती टाकतो, बरोबर? आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकतो, काढत कुणीच नाही. मामाच्या माळवदावर चौकोनी खड्डा घेऊन बघितला तर माती सव्वा फूट! आठ-नऊ इंच पुरी होते. हिशेब करा, १० बाय १० फुटांच्या जागेवर अर्धा फूट जास्तीची माती म्हणजे ५० घनफूट, घनफुटाला ४५ ते ५० किलो धरली तरी सव्वादोन-अडीच टन, आणि ती कोरडी, पावसात भिजली की आणखी. तेवढं वजन त्या जुन्या तुळया कारण नसताना वाहतायत. म्हणून आधी उतरवा मग दुरुस्त करा. उतरवताना घर रिकामं, खाली टेकू, आणि एका बाजूनं सगळी न काढता सगळीकडून थोडी थोडी. वरच चढून पाच-सहा माणसांनी उभं राहायचं नाही.

तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथंच ती कुजते, मधे ठणठणीत दिसते. टोकाजवळ पेचकस खुपसून बघा, लोण्यासारखा आत गेला तर ती तुळई गेली. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का बघा. पूर्ण तुळई बदलायची नसेल तर शेजारी जोडतुळई देता येते. लाकूड भिंतीत बसवताना टोकाभोवती थोडी हवा खेळू द्या, सिमेंटमध्ये पॅक करू नका. मग वर कामट्या, निंबाचा पाला, जाड मातीचा थर ठोकून, आणि शेवटी पांढऱ्या मातीचा, पन्हळीकडं उतार ठेवून. प्लास्टिकचा कागद मध्ये घालावा का असं सगळे विचारतात. मी म्हणतो नको. कागदाखाली घाम धरतो आणि तुळयाच कुजतात.

गिलावा दोन हातांत. पहिला जाड, इंचभर, तो तडकला तरी चालेल, तडकू द्या. वाळला की दुसरा पातळ, बारीक भुसकट आणि शेण घालून, हातानं. थापीनं गुळगुळीत करायचा मोह होतो पण हाताचा चांगला बसतो, ते तुरैफच्या भिंतीवरचे फराटे मला तेव्हाच आठवले. वरून चुना. ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट, वॉटरप्रूफिंगचं केमिकल यातलं काही लावू नका, दुकानदार कितीही म्हणू दे, सिमेंटचं जे झालं तेच परत होणार.

राहिला पडलेला भाग. मामाच्या घराचं मागचं माजघर २०१० च्या आधीच पडलं, दोन भिंती कमरेएवढ्या उभ्या. चुलत भावाचं म्हणणं होतं की तिथं वरून मातीचा रंग दिलेली सिमेंटची खोली काढू, जुन्यासारखीच दिसेल. मी त्याला मोबाइलवर सलवाचे फोटो दाखवले. उघड्या भिंतींच्या डोक्यावर मातीची टोपी केली, म्हणजे भुसकट जास्त घातलेला चार बोटं जाड थर, मध्ये उंच, दोन्हीकडं उतार. पाऊस खाणार ती टोपी, खालची भिंत नाही, दर दोन वर्षांनी टोपी बदलायची. माजघरातला कोनाडा शाबूत होता, आज्जी त्यात दिवा ठेवायची, वर काजळीचा काळा पट्टा अजून आहे. त्याला आम्ही चुना लावला नाही. आता तिथं तुळस आणि दोन बाकं आहेत, मामा संध्याकाळी तिथंच बसतात.

नवं काम कुठलं ते कळायला पाहिजे, म्हणून आम्ही नव्या भेंड्यांच्या प्रत्येक पट्ट्यात एका विटेवर ओली असताना काडीनं साल कोरलं. गिलाव्यामागं जाईल ते, पण पन्नास वर्षांनी कुणी गिलावा काढला तर त्याला समजेल.

शोभेचं मात्र तिकडून आणू नका. तुरैफच्या भिंतींच्या वरचे ते टोकेरी कंगोरे फार सुंदर दिसतात, मलाही वाटलं होतं, पण आपल्या पावसात प्रत्येक टोक म्हणजे पाणी मुरायची एक जागा. आपल्याकडं माळवदाची कड साधी, गोलसर.

आणि दरवर्षी मिरगाच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, दोन दिवस काढायचे. माळवदावर चढून उंदराची बिळं आणि उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, भेगा भरायच्या, पन्हळी साफ करायच्या, जोत्याजवळची शिंतोड्यानं उडालेली माती परत लिंपायची. मामी हे दर साली करायच्या, आम्ही पोरं शहरात गेलो आणि ते थांबलं, घर तेव्हापासून खचायला लागलं. काम झाल्यावर उरलेला कालवलेला चिखल फेकू नका, त्याचे गोळे करून गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवा, पुढच्या मिरगाआधी भिजवले की दोन दिवसांत तयार, आमचे अजून ४० गोळे शिल्लक आहेत.